डावी मूठ

समुद्रावरून वारा असा सुटला होता, की बंदरातल्या दोऱ्यांवर वाळत घातलेली माकुलाची मासळी आडवी होऊन फडफडत होती. वर खिंडीत बर्फ पडलं होतं. ओकबुन अंधुक उजेडातच शाळेत आली आणि वर्गातली शेगडी पेटवायला बसली. पोरांनी डोंगरावरून वेचून आणलेली चिडाच्या झाडांची बोंडं दमट निघाली. धूर कोंडला, डोळे चुरचुरले, आणि फुंकता फुंकता ती मनातल्या मनात धडा घोकत राहिली. सरकार म्हणजे काय. सरकार आपल्यासाठी काय करतं.

शिकाऊ बाई म्हणून तिचा हा शेवटचा आठवडा. आज तिसरीच्या वर्गातला तिचा पाठ बघायला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. पाठ बिघडला तर शाळेतली नोकरी गेली. मग परत चुलत्याच्या वखारीत मासळीची आतडी काढत बसायचं.

"धूर बाहेर काढ, नाहीतर साहेबाला वाटेल पोरं रडतायत," म्हणत वर्गाचे प्यो मास्तर आत आले. मुरलेला माणूस. "सगळं बसवलंय ना? कुणी काय बोलायचं?"

"बसवलंय, सर."

"मग झालं. प्रश्न विचारला की सगळ्यांचे हात वर. येतं त्यानं उजवी मूठ, येत नाही त्यानं डावी. साहेबाला नुसतं हातांचं रान दिसतं. तू आपली उजवीच वेच."

"आणि ह्यांगसुक?"

मास्तरांनी दाराकडं पाहिलं. आवाज उतरला. "तिची डावी. काहीही विचारलं तरी डावी. तिला उठवायचं नाही."

ह्यांगसुकचा बाप मागं मासेमारीला गेला असताना बोटीसकट सीमेपलीकडं, शत्रूच्या मुलखात ओढला गेला होता. उत्तरेच्या गस्तीवाल्यांनी त्याला बरेच दिवस डांबून ठेवलं, मग सोडलं. बंदराला लागतोय तोच इकडच्या पोलिसांनी उचलला. तिकडं काय पाहिलंस, कुणाला काय सांगितलंस. घरी आला तेव्हा त्याची बोटं जाळं विणायला वळत नव्हती. तिकडच्याबद्दल एक बरा शब्द त्याच्या तोंडून गेल्याचं कानावर आलं, की त्याला पुन्हा नेतील, आणि या खेपेला तो परत येणार नाही, हे सगळ्या बंदराला माहीत होतं. त्याच्या नऊ वर्षांच्या पोरीला किती माहीत होतं, कुणास ठाऊक.

बर्फात साहेबांची बस अडकली. पोरांना डांबून ठेवलं, डबे कधीच संपले होते. दिवस कलायला लागला तेव्हा साहेब आले. सोबत तपकिरी जाकीटवाला एक माणूस. त्याचं नाव कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. हेडमास्तरांनी खुर्ची मात्र त्यालाच आधी दिली. हा पोलिसांचाच माणूस, हे ओकबुननं ओळखलं.

"सरकार आपल्यासाठी काय करतं?"

हातांचं रान उभं राहिलं. "दोंगबे, तू सांग!"

"सरकार रस्ते बांधतं!"

"शाब्बास. आणखी?" टपाल झालं, वीज झाली. समोर उभं राहिलं की पोरांची उजवी बाजू आपल्या डाव्या अंगाला येते. हे तिनं रिकाम्या बाकांसमोर किती वेळा घोटलं होतं. पण नजर सारखी जाकीटवाल्याकडं जात होती. तो पोरांच्या छातीवरच्या नावाच्या पट्ट्या एकेक करून वाचत होता.

"आणखी? हां, तू सांग," तिनं बोट केलं. बोट ह्यांगसुकवर गेलं होतं.

पोरगी उठली. स्वतःच्या डाव्या मुठीकडं बघितलं, मग बाईंकडं. गप्प बसणं तिला जमलं नाही. "सरकार... तिकडचं सरकार ना, बाई, माझा बा म्हणाला..."

तेवढ्यात बाहेरचा कर्णा खरखरला. झेंडा उतरवायची वेळ झाली होती. राष्ट्रगीत लागलं तशी सगळी ताडकन उभी राहिली. हात छातीवर. साहेब, जाकीटवाला, रस्त्यावरचा सायकलवाला, सगळे जागच्या जागी थिजले. गीत संपेपर्यंत कुणी हलायचं नाही की बोलायचं नाही.

ओकबुनची नजर ह्यांगसुकवर होती. पोरीचं तोंड अजून अर्धं उघडं होतं. पुढचा शब्द त्यात बसलेला होता आणि गीत संपलं की तो बाहेर पडणार होता. हे गीत संपूच नये, असं तिला वाटलं. ते संपलं.

"बसू नको गं बाळ," जाकीटवाला फार मायेनं म्हणाला. "काय म्हणाला बा?"

"साहेब, तिची डावी होती!" ओकबुन ओरडलीच.

"काय?"

"डावी मूठ. डावी म्हणजे येत नाही." ती बोलतच राहिली. "पाठ मी बसवलेला आहे. येतं त्यांची उजवी, येत नाही त्यांची डावी. मीच चुकून हिला उठवलं. आता काहीतरी सांगायला पाहिजे म्हणून जोडून सांगायला लागली. बा म्हणाला, आजी म्हणाली... अशीच करतात पोरं. दोंगबे, तुझं वाक्य कुणी दिलं?"

"तुम्हीच की, बाई! मला पोस्टमन पाहिजे होता, तो गिलसूला दिला. मला नुसते रस्ते!"

वर्ग फिस्सकन हसला. साहेबांचे कान लाल झाले. "म्हणजे मी इतक्या बर्फातून नाटक बघायला आलो?" प्यो मास्तरांनी मान खाली घातली.

जाकीटवाला क्षणभर ओकबुनकडं बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. "डावी मूठ! आमचा मास्तर खुणेला कान धरायला लावायचा," म्हणत हसतच तो उठला. दारापाशी वळून त्यानं ह्यांगसुकच्या छातीवरची पट्टी पुन्हा एकदा वाचली आणि गेला. मागोमाग साहेब. जाता जाता म्हणाले, "शेरा काय पडणार, तुम्हाला कळलं असेलच."

"बये, माझ्याही तोंडाला काळं फासलंस," प्यो मास्तर म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी खिडकी लावून घेतली. "गेला तो. फाटकाबाहेर गेला."

"परत येईल का, सर?"

मास्तरांनी खिडकीची कडी पुन्हा एकदा ओढून बघितली.

पोरं रोजच्यासारखी मेण लावून जमीन पुसायला लागली. ह्यांगसुक जवळ येऊन उभी राहिली. "बाई, बा काय म्हणाला, सांगू?"

"नको."

"वाईट नाहीये काही. तो म्हणाला..."

ओकबुननं पोरीच्या तोंडावर हात दाबला. जरा जोरातच. पोरीचा श्वास तळव्याला गरम लागत होता. "मला नको सांगूस. कुणालाच नको."

पोरीनं मान डोलावली. ओकबुननं हात काढला. तिनं एक चिंधी उचलली, तिच्यावर मेणबत्तीचा तुकडा घासला आणि गुडघे टेकून पोरांच्या रांगेत लाकडी जमीन घासायला लागली.