खंडेनवमीचा दोर

देवासच्या मंडळींनो, आज खंडेनवमी. सकाळी छतावरच्या सोलरला हळदकुंकू वाहून खाली आले, तर बाबा विचारतात, "दोर सोडलास का गं?"

बाबा सत्त्याऐंशीचे आहेत. त्यांना हल्ली कालचं आठवत नाही, पण हे आठवतं.

ऐंशीच्या दशकात फॅक्टरीतून आल्यावर रोज खपून त्यांनी घरीच पवनचक्की बनवली होती. पाती तेलाच्या ड्रमची, डायनॅमो जुन्या ट्रकचा. वारा असला की एक बल्ब लागायचा. शेजारचे काका म्हणायचे, "भिया, लाइट गई तो हमारे बच्चे तुम्हारे यहाँ पढ़ेंगे."

खंडेनवमीला यंत्रं पुजायची, चालवायची नाहीत. म्हणून बाबांनी चक्कीला हार घातला आणि पाती दोरानं खांबाला बांधून टाकली. दुपारी वादळ आलं. सगळा वारा त्या बांधलेल्या पात्यांवर थडकू लागला. आई ओरडली, "अहो, दोर सोडा!"

"आज नाही. उद्या."

आमच्या डोळ्यांदेखत खांब वाकला आणि चक्की खाली आली. बाबांनी पुन्हा कधी बनवली नाही.

"सोडला, बाबा," मी म्हटलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. "नुसतं हो म्हणू नकोस. वर जाऊन सोड."

अशा वेळी तुम्ही काय करता? मी आज चार वेळा छतावर जाऊन, नसलेला दोर सोडून आले.

आत्ता ते पुन्हा हाक मारताहेत.