मल्लूचा लाल बझर

बाहेर चपलांचा ढीग बघून मी खूश झालो होतो. रविवारची दुपार, हातात गरम भज्यांचा पुडा, बरोबर माझी बायको सुजाता. मल्लूच्या दारात एरवी आमच्याच काय त्या चपला असायच्या, आणि आज तिथं पाय ठेवायला जागा नाही. "आज खेळायला बरीच मंडळी दिसतात," असं मी तिला म्हणालोसुद्धा. आतून टीव्हीवरच्या खेळाचं ते ओळखीचं ढणढणतं संगीत ऐकू येत होतं. मी दारातूनच ओरडलो, "मल्लू, आज तुला हरवल्याशिवाय जात नाही!" आणि आत गेलो. मल्लू चटईवर आडवा होता. अंगावर गळ्यापर्यंत चादर होती. शेजारपाजारचे लोक भिंतीला टेकून उभे होते, गल्लीतले डॉक्टर येऊन गेले होते, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावरून टीव्हीतला चमकत्या कोटाचा सूत्रधार हसत हसत विचारत होता, "तैयार हैं आप लोग?" टीव्ही बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. किंवा सुचलं असेल, धीर झाला नसेल. मल्लूनेच तो लावला होता, बझर चटईवर मांडले होते, वायरींचा गुंता सोडवला होता आणि आमची वाट बघता बघता बसल्या जागी कलंडला होता. शेवटी शेजारच्या सलीमने पुढं होऊन टीव्ही बंद केला. पुडा माझ्या हातात कितीतरी वेळ तसाच होता. मी काय ओरडत आत आलो हे सगळ्यांनी ऐकलं होतं.

मल्लूला जाऊन महिना उलटला तरी माझं डोकं त्या दारातच अडकलेलं आहे. मल्लिनाथ, म्हणजे आमचा मल्लू, नवी पेठेत अस्तर, बटणं आणि चेनचं दुकान चालवायचा. ना बीपी, ना साखर. सकाळी त्याचा फोन आला होता, "सुध्या, भजी आन. आनि लवकर ये की, तुजी वाट बगत बसवत न्हाय मला." सुध्या म्हणजे मी. वाट बघणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, त्यामुळे फोनचं काही वाटलं नाही. गिऱ्हाईक नमुन्याचं कापड पिशवीतून काढेपर्यंत हा चार पुठ्ठे बटणं पुढ्यात टाकून मोकळा. सात रस्त्याच्या चौकात दिवा हिरवा व्हायच्या आधी याचा हॉर्न. मोडनिंबला एका लग्नात मंगलाष्टकं संपायला अवकाश होता, तोवर याने अक्षता टाकल्या आणि याच्या मागोमाग अख्ख्या मांडवाने टाकल्या. भटजी बिचारे एकटेच शेवटचं कडवं म्हणत राहिले. महानंदावहिनींना बघायला तो अक्कलकोटला गेला, तीही तीच तऱ्हा. वहिनी सांगायच्या, "मी चा घिऊन भायेर यायच्या आदीच हे 'हौदु' म्हनले. मला बगितलंच न्हाय हो!" हौदु म्हणजे होय. त्यांच्या घरी कानडी, याच्या घरी कानडी-मराठी दोन्ही, तेव्हा होकार सगळ्यांना कळला.

तो खेळ त्यांच्या मुलाने, गुरूने, पुण्याहून आणला होता. टीव्हीला जोडायचा, हिंदी सिनेमांच्या प्रश्नांचा. पडद्यावर एखादं थिजलेलं दृश्य येतं, किंवा गाण्याचे पहिले दोन सूर वाजतात, किंवा संवादातला एक शब्द गाळलेला असतो. ज्याला येतं त्याने आपला बझर दाबायचा आणि उत्तर मोठ्याने सांगायचं. आधी दाबेल त्याचा दिवा लागतो, बाकीच्यांचे बझर मुके होतात. चुकलं तर गुण कापले जातात आणि खोटे प्रेक्षक मोठ्याने हळहळतात. गुरूची सुट्टी संपली, तो गेला, खेळ इथंच राहिला. मग तो आम्ही धरला. लाल बझर मल्लूचा, निळा माझा, पिवळा सुजाताचा आणि हिरवा शेजारच्या सलीमचा. पन्नाशी उलटलेली माणसं रविवारी दुपारी चटईवर मांडी ठोकून भांडत बसायची, हे गल्लीत आता सगळ्यांना ठाऊक होतं.

गंमत अशी की मल्लूला सिनेमातलं ओ की ठो कळत नसे. थिएटरात पंखा लागला की हा झोपायचा. पण लग्नानंतर बायकोला दर आठवड्याला सिनेमाला न्यायचं, हा त्याचा नेम. वहिनींना तेव्हा ना मराठी येत होती ना हिंदी. त्या दोन्ही पडद्यासमोर बसून शिकल्या. परतताना स्कूटरवर मागे बसून त्या याला सगळी गोष्ट सांगायच्या, अर्धी कानडीत, अर्धी नायिकेच्या हिंदीत. याने सिनेमे पाहिले ते असे, बायकोच्या तोंडून. मग खेळात काय व्हायचं, तर प्रश्न निम्म्यावर आला की याची थाप बझरवर पडायची. लाल दिवा लागला की हा पाठीमागे मान कलती करायचा. मागे दिवाणावर वहिनी भाजी निवडत बसलेल्या असायच्या, गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नसे. त्या मान वर न करता हळूच उत्तर सांगायच्या आणि हा ते ठणकावून द्यायचा. सलीम चिडायचा, "अरे सवाल तो पूरा होने दे! और ये चीटिंग है, दो जने एक बझर पे!" मल्लू म्हणायचा, "आमचा दोगांचा मिळून एकच बझर हाय की."

एकदा सुजाताने हट्टाने आपला पिवळा बझर वहिनींच्या मांडीवर ठेवला. उत्तर त्यांना ठाऊक होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्या बोट ठेवून नुसत्या बसल्या. "मला न्हाय जमत हो असं धाडदिशी दाबाया," म्हणाल्या आणि बझर परत दिला. त्या डावात मल्लूनेही त्यांना न विचारता एकट्याने उत्तरं दिली. ती सगळी चुकली. खोटे प्रेक्षक हळहळून थकले. हा मात्र हसत होता. "चुकलं तर चुकलं. पयला तर आलो की!"

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला मातीत ठेवायला नेलं. लिंगायतांत बसवून नेतात. कपाळाला विभूती, गळ्यात हार, मांडी घातलेली, डाव्या तळहातावर इष्टलिंग. मी असे विधी पूर्वी पाहिले आहेत, पण त्याला तसं पाहून मला धक्काच बसला. अगदी असाच तो चटईवर बसायचा. उजवा हात गुडघ्यावर, मोकळा. माझी नजर त्या हातावरून हलेना. इतका मूर्ख विचार मनात आला की सांगायची लाज वाटते... आता हा हात आपटेल. सगळ्या गोष्टींत घाई करणाऱ्या त्या माणसाचा मला तिथं भयंकर रागही आला. या एका बाबतीत तरी थांबायचं होतं.

वहिनी रडल्या नाहीत. त्या बोलेनाशाच झाल्या. जेवता का, काही नाही. पाणी देऊ का, काही नाही. गुरू रजा वाढवून थांबला होता. "आई, पुण्याला येशील ना माझ्याबरोबर?" तो रोज विचारायचा आणि त्या भिंतीकडे बघत बसायच्या. तो पोरगा घाबरून गेला होता. "काका, ती हो म्हणू दे नाहीतर नाही म्हणू दे, पण काहीतरी म्हणू दे," असं तो मला एकदा जिन्यात म्हणाला. शेवटी त्याने आईच्या सामानाची बांधाबांध सुरू केली. तेव्हा सुजाता म्हणाली, "येत्या रविवारी आपण नेहमीसारखं जायचं." मला ते पटलं नाही. तो टीव्ही पुन्हा लागलेला मला बघवणार नव्हता. पण गेलो. सलीम आला. त्यानेच खेळ लावला, तिघांचा. लाल बझर मात्र त्याने मल्लूच्या जागी चटईवर ठेवला. वहिनी दिवाणावर होत्या, हात मांडीत. सूत्रधाराने तेच विचारलं, "तैयार हैं आप लोग?"

पहिला प्रश्न आला. एक थिजलेलं दृश्य, पावसात भिजलेला पूल, पुलावर पाठमोरी बाई. सिनेमा ओळखायचा. सोपा होता. मला येत होतं, सुजाताला येत होतं, सलीमने तर तो किती वेळा पाहिला असेल. तिघांची बोटं बझरवर होती आणि तिघांपैकी एकानेही दाबला नाही. आम्हाला पहिलं दाबायची सवयच नव्हती. इतकी वर्षं आमच्या आधी ती थाप पडायची, ती चुकली तरच आमची पाळी यायची. आम्ही त्या थापेची वाट बघत बसलो होतो. पडद्यावरच्या घड्याळाचा काटा फिरत फिरत शेवटाला आला.

आणि मागून, भाजी निवडताना यायचा तसाच हळू आवाज आला. वहिनींनी सिनेमाचं नाव सांगितलं.

वेळ संपली. कुणी दाबलंच नव्हतं, म्हणून खेळाने ते उत्तर धरलं नाही. मग पडद्यावर बरोबर उत्तर उमटलं. तेच होतं. मागे वळून बघायचा धीर आम्हाला होईना. गुरू हातात अर्धी भरलेली पिशवी घेऊन दारात उभा होता.

"दाबा की हो भावजी कुनीतरी!" वहिनी एकदम ओरडल्या. "मी नुसतं सांगून काय उपेग?" आणि मग त्या रडल्या. चांगल्या मोकळ्या रडल्या. सुजाता त्यांना धरून बसली. सलीम वायरींत डोकं घालून काहीतरी शोधत राहिला. बऱ्याच वेळाने गुरूने जवळ बसून पुन्हा तेच विचारलं, पुण्याला येतेस का. "बेड," त्या कानडीत म्हणाल्या. नको. डोळे पुसत पुढं म्हणाल्या, "फुडच्या आयतवारी ही मंडळी येनार हायत."

गुरूने पिशवी रिकामी केली आणि चार दिवसांनी तो एकटा गेला. आम्ही दर रविवारी जातो. लाल बझर चटईवर त्याच्या जागी असतो. त्याचं झाकण मल्लूच्या थापांनी तडकलेलं आहे, सलीमने त्यावर चिकटपट्टी लावून दिली होती. त्याला कुणी हात लावत नाही. प्रश्न पडद्यावर येतो, आणि मला उत्तर येत असलं तरी माझं बोट अजून थांबतं, त्या तडकलेल्या झाकणाकडे बघत. मग मागून आवाज येतो, "भावजी, दाबा की!"

मी दाबतो.