पेठेतला हौद आणि माझी ओंजळ

"हात पुढे कर गं. अशी ओंजळ कर, जरा वाक," मृणाल म्हणाली आणि तिनं तांब्या वर उचलला.

साताऱ्यातला पेठेतला जुना हौद. रविवारची सकाळ. भोवती पुण्याहून आलेले पाहुणे, पायांत पांढरे बूट, हातांत मोबाईल. 'समतेची पायवाट' नावाचा हा फेरफटका मृणाल दर रविवारी काढते. माणुसकीच्या हक्कासाठी या शहरात कोण कुठे लढलं, ते चालत चालत दाखवते. हौदापाशी आल्यावर, पूर्वी आमच्या लोकांना पाणी कसं देत ते तिला करून दाखवायचं होतं. हौदाला आमचा हात लागू नये म्हणून पेठेतलं कुणीतरी वरून धार सोडायचं. आम्ही खाली वाकून झेलायची. त्यासाठी तिला खरं माणूस हवं होतं, म्हणून तिनं मला बोलावलं.

"ही त्या समाजातलीच आहे," तिनं पाहुण्यांना सांगितलं. "त्यामुळे तुम्हाला अगदी खरा अनुभव येईल."

माझं नाव घेतलं नाही. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो.

मला मृणालचा हेवा वाटतो. आजचा नाही, कॉलेजपासूनचा. तिच्या आवाजाचा हेवा. ती बोलायला लागली की माणसं गप्प होतात. मी बोलले की 'काय? परत सांग' म्हणतात. इतिहास दोघींनी घेतला. ती पुण्याला गेली, परत आली, आणि शहर तिचं झालं. मी इथेच होते, झेरॉक्सच्या दुकानात. पेपरात तिचा फोटो आला की मी पान उलटते. मग पुन्हा मागं येऊन बघते.

आणि हौदाची गोष्ट तिला मीच सांगितली होती. कॅन्टीनमध्ये, चहा पिता पिता. माझ्या आजीची गोष्ट. आजी रोज इथे घागर घेऊन बसायची. पेठेतल्या कुणाला दया आली तर पाणी, नाहीतर रिकामी घागर. एक दिवस दुपार टळली तरी कुणी येईना. आजी उठली आणि तिनं घागर सरळ हौदात बुडवली. पेठेनं हौद उपसला, धुऊन काढला. दुसऱ्या दिवशी आजी परत गेली, परत बुडवली. मग वस्तीतल्या बाकीच्या बायका तिच्याबरोबर जाऊ लागल्या. दगड बसले त्यांना. तरी गेल्या. उपसून उपसून पेठच दमली, तेव्हा हौद आमचाही झाला.

मृणालच्या तोंडून तीच गोष्ट अशी आली: "एका धीट बाईनं सुरुवात केली. मग पेठेतल्या जाणत्या मंडळींनी, त्यात माझे आजोबाही होते, मोठ्या मनानं हौद सर्वांना खुला केला."

आयत्या बिळावर नागोबा! टाळ्या पडल्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांत माझी आई होती. सासूची गोष्ट ऐकायला मिळणार म्हणून ठेवणीतलं इरकल नेसून आली होती माझ्याबरोबर. माझ्याकडे झुकून म्हणाली, "काय बोलती गं ही! ऐकतच ऱ्हावं वाटतंय. तुला न्हाई बाई जमायचं असलं."

टाळ्या नेल्या, आजी नेली, तेही एक वेळ गिळलं असतं. हिनं माझी आईसुद्धा नेली. माझ्याकडे आईनं असं डोळे भरून कधी बघितलं नव्हतं. तेवढ्यात मृणाल तांब्या घेऊन माझ्याकडे वळली.

धार सुटली. पाणी माझ्या चपलांवर पडलं. मी हात पाठीमागं बांधले होते.

"अगं, काय झालं? दोन मिनिटांचं तर काम आहे," मृणाल हसत म्हणाली.

पाहुण्यांनी मोबाईल उंचावले.

"घे की हात फुडं," आई म्हणाली. "एवढं मानानं बोलावलंय तिनं. चारचौघांत नगं आसं करू."

"आजीनं एकदा उठून घागर बुडवली म्हणून आपुन आज हितं उभं हाय, आई. मी वाकणार न्हाई."

कॉलेजात मृणाल माझं 'हाय' दुरुस्त करायची आणि मी लाजायची. त्या दिवशी तेच निघालं तोंडातून, मोठ्यानं. मग मी तिच्याकडे वळले. "तुझ्या आजोबांनी हौद खुला केला न्हाई, मृणाल. उपसायला गडी त्यांनीच लावले हुते."

ती चिडली नाही. शांतपणे, माईकवरून विचारलं, "पुरावा आहे का तुझ्याकडे?"

आजीच्या कपाळावर दगडाची खोक होती. ती आजीबरोबर सरणावर जळाली. पण हे उत्तर मला घरी आल्यावर सुचलं. हौदापाशी मात्र "चला, पुढे जाऊया," म्हणून मृणाल निघाली आणि पाहुणे तिच्यामागं गेले.

वाटेत आई म्हणाली, "आता परत न्हाई बोलवायची ती तुला." तिला खरंच वाईट वाटलं होतं.

हेवा गेलेला नाही. जायलाही नको. तो नसता तर मी ओंजळ पुढं केली असती, पाणी प्याले असते आणि मृणालला थँक्यू म्हणून घरी आले असते.

येत्या रविवारी, मृणालच्याच वेळेला, मी आमच्या वस्तीतून निघणार आहे. बायका घागरी घेऊन गेल्या त्या वाटेनं. दगड खाल्लेल्या एकेका बाईचं नाव घेणार आहे. ज्या घरांतून दगड आले त्या घरांपुढं थांबणार आहे. माझ्या भाषेत बोलणार, अडखळले तर अडखळत. आईला चल म्हणून सांगणार. नाही आली तर एकटी जाईन. मृणालच्या घरापुढंही थांबेन. तिच्या घरचे दार लावून घेतील. मी बंद दाराला सांगेन, पण सगळं सांगेन.