आधी मीठ

आमच्या अकोटच्या मळ्याला लागून संत्र्यांचा बगीचा होता. त्याचा राखणदार मेळघाटातला, भालेभावांपैकी. भालेभाऊ म्हणजे डोंगरातल्या लढवय्यांचा जथा. गोऱ्या साहेबाच्या राज्यात त्यांना लढाया उरल्या नव्हत्या, पण नेम शाबूत होते. भाला तो कधी जमिनीवर आडवा ठेवत नसे. आणि कुणाच्या घरचं मीठ खात नसे. ज्याचं मीठ खाल्लं, त्याच्यावर भाला उगारला तर हात झडतो, अशी त्यांची समजूत.

माझी बायको कितीदा भाजी-भाकर पुढे करी. तो फक्त केळी घेई.

"काहून?" मी एकदा विचारलं.

"मानूस तं तुमी चांगलेच, भाऊ. पन पुढचं कोनं पाह्यलं?"

त्यानंतर मी त्याच्याशी जरा जपूनच बोलू लागलो.

मग एका दुपारी माझ्या बैलानं त्याच्या खोपडीचं अर्धं गवती छप्पर खाल्लं. हा भाला घेऊन धावतच आला. मी तुळशीवृंदावनामागे सरकलो. उंबऱ्याशी तो थांबला आणि धापा टाकत बायकोला म्हणाला, "वैनी, पह्यले चिमूटभर मीठ द्या. लवकर द्या."

तिनं दिलं. ते त्यानं जिभेवर ठेवलं, भाला भिंतीशी उभा केला आणि मग मला मनसोक्त शिव्या घातल्या.

आता तो रोज आमच्याकडेच जेवतो. भाजी अळणी झाली की भाल्याकडे बघत म्हणतो, "वैनी, मीठ कमी हाये. भाऊले सांभाळा."