न्हाणी कुठाय?

माखूआजी माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचीच नाही. ती आधी बघायची डोक्याचा आकार, मग मान, मग गुडघे. तुम्ही चाळिशीच्या आतले आणि रत्नागिरीचे असलात, तर भर मासळीबाजारात ती तुमच्या टाळूवर हात ठेवायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, "हां, हे माझंच! जल्मलास तेव्हा डोकं कसं चोचदार होतं तुझं. मी दाबून दाबून गोल केलं." मग तो बँकेचा मॅनेजर असो नाहीतर हवालदार. तो बिचारा कानकोंडा व्हायचा, आणि मासेवाल्या हसून बेजार.

अर्ध्या गावाला तिनं न्हाऊमाखू घातलेलं, म्हणून ती माखूआजी. बालकाश्रमाच्या हजेरीपटावर तिचं खरं नाव मीच लिहायचे, 'पार्वती', पण त्या नावानं हाक मारली तर ती मागे वळून बघायची, दुसरं कोण आलंय म्हणून. तिच्या लेखी जगात दोनच जाती होत्या: तिच्या हातची माणसं आणि बाकीची. तिच्या हातच्यांना सगळे गुन्हे माफ. मी बाकीच्यांतली. मूळची लांज्याची, बी.कॉम. होऊन बालकाश्रमात टायपिस्ट म्हणून लागलेली, आणि जिभेला धार. मी फटकन काही बोलले की आजी सगळ्यांची समजूत घालायची, "तिचा दोष नाय गो. लांज्याला कोनी नीट चोळलंच नाय तिला."

आश्रमाच्या मागे, फणसाखाली, जांभ्या दगडाची न्हाणी होती. तिथं आजीचं राज्य. सकाळी सातला चुलीवर हंडा चढायचा, खाली झावळ्या आणि करवंट्या. आजी पाटावर बसून पाय लांब सोडायची, नडग्यांवर पोर पालथं घालायची आणि खोबरेल तेलानं चोळायला लागायची. पोर टाहो फोडायचं. एखादी नवीन दाई घाबरून धावत आली की आजी हात न थांबवता शिकवायची, "रडनं तीन परकारचं. पयलं पान्याचं, दुसरं तेलाचं, तिसरं लाडाचं. तिसरं आलं की समजावं, पोर आपलं झालं." मी मारे ग्रॅज्युएट, पण मला तिन्ही रडणी सारखीच ऐकू यायची.

शेवंती आली ती पंधरा दिवसांची. डावं पाऊल आत वळलेलं. सिव्हिलच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालून काढलं आणि सांगितलं, रोज चोळून पाय सरळ धरत जा. हे सांगायचं, आणि तेही आजीला! ती सकाळ-संध्याकाळ त्या पायाच्या मागेच लागली. दीड वर्षात शेवू भिंत धरून चालायला लागली, पण चार दिवस चोळणं चुकलं की पाऊल पुन्हा आत. दत्तक घ्यायला तीन जोडपी येऊन गेली. चहा प्यायली, "पोरगी गोड आहे हो, पण..." म्हणाली आणि निघून गेली. प्रत्येक वेळी ती फाटकाबाहेर पडायच्या आत आजीनं बादलीभर पाणी ओतून पायरी धुतली.

मग डेन्मार्कच्या एका जोडप्याचा अर्ज आला, एरिक आणि मारिता. ऐंशीनंतरची वर्षं ती. परदेशी पालकांसाठीचे नियम वरून नुकतेच कडक होऊन आले होते. आधी जिल्हा न्यायालयाचा पालकत्वाचा हुकूम, मग पासपोर्ट, मग व्हिसा, आणि कायदेशीर दत्तक पुढे त्यांच्या देशात. फाइल ही एवढी जाड! पगार, तब्येत, शेजाऱ्यांचं मत, कुत्र्याला टोचलेल्या लशी, आणि घराचे फोटो. संस्थेचे चिटणीस बापूवकील यांनी ते सगळं आम्हाला मोठ्या अभिमानानं वाचून दाखवलं. आजीनं फोटो एकदा खालून वर आणि एकदा वरून खाली बघितले आणि विचारलं, "न्हाणी कुठाय?"

बापूवकील हसले. आजी हसली नाही. "दिवानखाना दोनदा दाखवलानी. कुत्र्याचं घर दाखवलंनी. पोरीला न्हायला घालनार कुठं? न्हानी बघितल्याबिगर माझी पोर जायची नाय."

"आजी, कोर्टाला न्हाणी लागत नाही," बापूवकील म्हणाले.

"बापू, गप! तुला शूऽऽ करायला कोनी शिकवलान?"

जिल्ह्यातला नावाजलेला वकील, चाळिशीला टेकलेला. गप्प बसला! मी पत्राच्या शेवटी एक ओळ टाइप केली, 'स्नानाच्या व्यवस्थेचा फोटो कृपया पाठवावा,' आणि बापूवकिलांनी तोंड फिरवून सही केली.

महिन्यानं फोटो आला. ती माणसं भलती सरळ. पांढराशुभ्र टब, टबाचा आकार कळावा म्हणून मारिता अंगभर कपड्यांनिशी त्यात गुडघे वर करून बसलेली, आणि शेजारी एरिक मोजायची टेप धरून उभा. आजीनं फोटो लांब धरला, जवळ धरला.

"अगो बाय माझे! ही तर गुरांना पानी पाजायची डोण!"

इथवर ठीक होतं. पुढचा घोटाळा मात्र माझा. कोर्टासाठी फाइलच्या तीन प्रती करायच्या होत्या आणि मला तर नंबर टाकायची भारी हौस. मी त्या फोटोलाही नंबर टाकला, 'मूळ फोटोप्रमाणे खरी प्रत' असा शिक्का मारला आणि दिला लावून.

तारखेला एरिक आणि मारिता येऊन हजर. आमच्या उन्हात तिसऱ्याच दिवशी एरिकचा रंग उकडलेल्या कुर्लीसारखा लालभडक झाला होता. न्यायाधीश वऱ्हाडाकडचे, कधी न हसण्याबद्दल प्रसिद्ध. ते एकेक पान उलटत होते. एका पानावर थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वकीलसाहेब, अर्जदार बाई हौदात का बसल्या आहेत?"

बापूवकिलांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"हा फोटो मागवला कुणी?"

"मी," मागच्या बाकावरून आवाज आला. शेवूला कडेवर घेऊन आजी उभी होती. पट्टेवाला तिला बसवायला पुढे झाला, आजीनं फक्त त्याच्या टाळूकडे बघितलं, आणि तो जागच्या जागी परत गेला. तोही तिच्याच हातचा.

"साहेब," आजी म्हणाली, "तुमास न्हायला कोनी घातलं?"

देवा रे! मी डोळे मिटून घेतले. मग न्यायाधीशांचाच आवाज आला, "आमच्या आत्यानं."

"मग तुमास ठावं हाय. एवढ्या कागदात पगार हाय, कुत्रा हाय. पोरीच्या अंगाला हात कोन लावनार ते कुठं लिवलंय? हिचा पाय दिसातून दोन टाइम चोळायला लागतो. सोडला की वळतो. डोणीत बुडवून पाय सरळ होत नाय, साहेब."

न्यायाधीशांनी डॉक्टरांचं प्रमाणपत्र पुन्हा वाचलं आणि मारिताला प्रश्न केला. माझ्या मोडक्या इंग्रजीतून तो तिच्यापर्यंत पोचला. ती म्हणाली, आमच्याकडे डॉक्टर चांगले आहेत. मग आजीकडे बघून थांबली आणि म्हणाली, पण या करतात ते मला येत नाही, मला शिकायचं आहे. न्यायाधीशांनी आठ दिवसांनंतरची तारीख दिली. आजीला म्हणाले, "शिकवा त्यांना. पुढच्या तारखेला तुमचं म्हणणं ऐकीन, मग हुकूम."

परत येताना रिक्षात आजी खुशीत. "आठ दिसात कोनाला येतंय गो? माझ्या सुनेला धा वर्षांत नाय आलं." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईला ते येऊच नये, असं आजीला वाटत होतं! शेवू तिला सोडवत नव्हती. मी लांज्याची ती लांज्याचीच, तोंडावर बोलले, "आजी, तू नाही म्हणालीस तर हिला चौथं जोडपं यायचं नाही. आणि तू किती वर्षं पुरणार आहेस?" आजीनं माझ्याकडे पाठ केली आणि शेवूला कुशीत ओढलं.

शिकवणी सुरू झाली. मारिताला जमिनीवर बसताच येईना. बसली तर पाय न्हाणीच्या दाराबाहेर. "काय गो ह्या नडग्या!" आजी म्हणाली. "दोन पोरं मावतील वर, पन बुड टेकेल तर शपथ!" धुरानं बाईचे डोळे सुजले. एरिक इंजिनिअर, त्याला चुलीशी बसवला, आणि तिसऱ्या दिवशी एका हंड्याला किती करवंट्या लागतात ते त्यानं वहीत लिहून ठेवलं. आजीला इंग्रजी येत नव्हतं, बाईला मराठी. आजी मनगटावर चापट मारून शिकवायची, "अगो, पीठ नाय मळायचं, पाय हाय तो!" मारिताला दोनच शब्द यायचे, ती सगळ्याला म्हणायची, "हो, आजी." आणि शेवू अशी किंचाळायची की पलीकडच्या गल्लीतल्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहायच्या.

रोज संध्याकाळी आजी मला बातमी द्यायची, "नाय जमायचं." पहिले तीन दिवस ती हे आनंदानं सांगायची. पण मारिता रोज आजीच्याही आधी येऊन न्हाणीत बसायला लागली. पाचव्या दिवशी बसून बसून तिचे गुडघे इतके सुजले की तिला उठता येईना, आणि तरी ती उठायचं नाव घेईना. आजी खाली बसली, तेल कोमट केलं आणि बाईचे गुडघे चोळायला लागली. त्या संध्याकाळी तिनं बातमी दिली नाही.

सातव्या दिवशी मी ऑफिसात टाइप करत होते. मागून शेवूचं रडणं ऐकू आलं आणि माझी बोटं आपोआप थांबली. हे वेगळं होतं. मी मागे गेले. शेवू मारिताच्या नडग्यांवर पालथी पडून रडत होती, आणि मधूनच एक डोळा उघडून बघत होती, बाई आपल्याकडे बघते की नाही. तिसरं! मला, लांज्याच्या बहिरीला, ते कळलं. आजीला माझ्या आधीच कळलं असणार. तिनं हातातला तांब्या खाली ठेवला, "झावळ्या संपल्या" म्हणाली आणि फणसामागे निघून गेली. चुलीशेजारी झावळ्यांचा ढीग पडला होता.

तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, "काय आजीबाई?"

आजी उभी राहिली आणि मारिताच्या गुडघ्यांकडेच बघत राहिली. बापूवकिलांनी दोनदा घाम पुसला. मारिताला शब्द कळत नव्हते, पण आजीच्या शब्दावर काय अडलंय ते कळत होतं, तिनं एरिकचा हात घट्ट धरला होता. मी पदराचं टोक चावत होते. मनातल्या मनात म्हणत होते, आजी, हो म्हण गो. आणि खरं सांगते, मलाही शेवू जायला नको होती.

"येतंय तिला," आजी म्हणाली. खाली बसली, आणि परत उठली. "पन डोणीत घालनार नाय, असं लिवून घ्या."

"नोंद घ्या," न्यायाधीशांनी कारकुनाला सांगितलं. आत गेल्यावर ते हसले म्हणे. मी काही बघितलं नाही.

पासपोर्ट-व्हिसाला महिना गेला. जायच्या दिवशी मुंबईची गाडी सकाळीच दारात आली. आजीनं आपला पाट लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून मारिताच्या मांडीवर ठेवला. चाळीस वर्षं ज्यावर बसून तिनं गाव न्हायला घातलं, तो पाट! मारिता म्हणाली, "हो, आजी." आजीनं शेवूचा मुका घेतला नाही, की तिला उचललं नाही. डावा पाय हातात घेतला, एकदा दाबला आणि सोडला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

मी मागे गेले तर चुलीवर हंडा उकळत होता. सवयीनं चढवलेला. बाकीच्या पोरांच्या आंघोळीला अजून तास होता.

"पानी तापलंय," आजी म्हणाली. "फुकट कशाला घालवायचं? बस."

"मी?"

"मग काय फनसाला न्हायला घालू?"

मी तेवीस वर्षांची घोडी. पाट नव्हता, दगडावरच बसले. तिनं माझे केस सोडले, तेल घातलं, शिकेकाई लावली. ती बोटं टाळूवर फिरायला लागली तेव्हा कळलं, अर्धी रत्नागिरी या बाईला का वचकून असते. थोड्या वेळानं बोटं थांबली. मागून आवाज यायला लागला. पाण्याचं, तेलाचं, लाडाचं, तिन्ही मला आता ओळखू येत होती. हे त्यांतलं नव्हतं. मी वळून बघितलं नाही, शिकेकाई डोळ्यांत जाते म्हणून. मग डोक्यावर भसकन तांब्या ओतला गेला. "आता बोलनं सुधारेल तुझं," आजी म्हणाली. ते काही सुधारलं नाही. पण त्यानंतर बाजारात कुणी विचारलं तर आजी सांगायची, "ही पन माझ्याच हातची."

वर्षभरानं डेन्मार्कहून पाकीट आलं. मी ते घेऊन न्हाणीत धावले. फोटोत तीच पांढरीशुभ्र खोली. मारिता खाली पाटावर बसलेली, पाय लांब सोडलेले, आणि नडग्यांवर शेवू, आता तिथं न मावणारी. मागे तो टब, कपड्यांनी भरलेला.

आजीनं चेहऱ्यांकडे बघितलंच नाही. "डोणीत कपडे भिजत घातलेन," ती म्हणाली. "शहानी झाली हो." मग फोटो डोळ्यांशी नेला. अंगठा शेवूच्या डाव्या पायावर ठेवला आणि हळूहळू चोळायला लागली. "सरळ हाय," ती म्हणाली, तरी अंगठा थांबेना.

आजीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. फोटो माझ्याकडे आहे. त्यातले चेहरे पुसट झालेत, टब पिवळा पडलाय. शेवूच्या डाव्या पायावर आजीच्या तेलकट अंगठ्याचा डाग आहे, तो मात्र तसाच आहे.