तीन गिअर की चार

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कबूल आहे. गॅरेजात कुणी एकाच बाजूला जॅक लावून मागच्या चाकाचे फेरे मोजायला बसला की मी अजूनही ओरडतो. पोरं म्हणतात, म्हाताऱ्याला चाकाचं वेड लागलंय. वेडबिड काही नाही. अशाच एका जॅकनं मला एकदा उमरग्यातून उचलून कायमचं गावी नेऊन टाकलं असतं.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. राज्य अजून निजामाचंच होतं. उमरग्याबाहेर, सोलापूर-हैदराबाद सडकेला लागून, एका लिंगायत व्यापाऱ्याची पत्र्याची शेड होती. तिथं मी मिस्त्री म्हणून काम करत होतो, पण पक्का नव्हतो. दोन कोसांवर माझं गाव. वडील सुतार, बैलगाड्या घडवायचे, आणि त्यांना मुलगा मी एकटाच. मोटारींच्या नादानं घर सोडलं तेव्हा त्यांनी आदळआपट केली नाही. फक्त म्हणाले, "दोन वर्सं दिली तुला. दुसऱ्या खंडेनवमीपतुर कायमची जागा मिळाली तर ठीक. न्हाय मिळाली तर घरी यायचं, माझ्या वाकसाची पूजा करायची आन त्यो हातात धरायचा. मग मोटारीचं नाव काढायचं न्हाय."

वाकस म्हणजे सुताराचं लाकूड तासायचं हत्यार, आणि खंडेनवमीला ज्याची त्याची हत्यारं पाटावर मांडून पुजतात. कुणाची हत्यारं पुजायची, एवढाच आमच्या दोघांतला वाद होता. मी कबूल केलं होतं. आता त्या दोन वर्षांतले दोनच महिने उरले होते.

व्यापाऱ्याला सगळे अप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगावर परीटघडीचं धोतर, बोलताना राग आला की कानडी. त्यांच्याकडे लढाईच्या आधीची एक उघडी मोटार होती. ती येणेगूरच्या वाटेला लागली की मागून रोजची सर्व्हिस मोटार यायची, भोंगा वाजवत पुढं जायची आणि अप्पांच्या धोतराची माती करून टाकायची. वर खिडकीतून उतारू हात हलवायचे. एक दिवस अप्पा तसेच, भुवयांवर धूळ घेऊन, शेडमध्ये आले.

"मिस्त्री, त्या सर्व्हिसच्या फुडं मला एकदा येणेगूरला पोचवायचं. एकदाच बस. ते केलास तर ही शेड तुझ्याकडं. कायमची."

मला दुसरं काय हवं होतं!

मोटारीचं इंजिन संपलेलं होतं आणि मागच्या अॅक्सलचे दाते झिजून गेले होते. लष्कराच्या मोडक्या गाड्या तेव्हा सोलापूरच्या भंगारात येत. तिथून एक दणकट लॉरीचं इंजिन मिळालं, त्याच्यासोबत त्याचा चार गिअरांचा गिअरबॉक्सही. मी अप्पांची गाडी बोडकी केली. टप, मडगार्ड, दारं, मागची बैठक, सगळं काढलं. अप्पा एकदा तिच्याकडे बघून म्हणाले, "ही मोटार हाय का ढेकूळ फोडायचं औत?" पण त्यांनी अडवलं नाही.

खरी भांडणं लागली ती गिअरबॉक्सवरून. अप्पांचा ड्रायव्हर हैदराबादेत शिकलेला, वयानं माझ्या दुप्पट. त्याचं एकच पालुपद, "तीन नक्को मिस्त्री, चार डालो. लॉरी का इंजिन है, उसका डब्बा उसकू च लगाव." मी म्हणायचो, हलकी गाडी, जोरदार इंजिन, तिला लॉरीचा पहिला गिअर कशाला? तो ओझ्यासाठी असतो. अप्पांच्या गाडीचा जुना तीन गिअरांचा बॉक्स चांगला होता. दोन्ही बॉक्सांच्या दांड्यांना मी खडूच्या खुणा केल्या, एक टोक फिरवून दुसऱ्याचे फेरे मोजले. तीनवाल्याचा पहिला गिअर इंजिनाच्या तीन फेऱ्यांना एक फेरा द्यायचा, चारवाल्याचा सहाला एक. शेवटचा गिअर मात्र दोन्हीकडे सरळ, एकाला एक. म्हणजे सडकेवरचा खरा वेग ठरणार होता मागच्या अॅक्सलवर. हे मी ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा समजावलं, शेवटी हातवारे करून. तो तंबाखू मळत ऐकायचा आणि म्हणायचा, "चार डालो."

अॅक्सल शोधायला पुन्हा सोलापूर. भंगारात एक छोटी लॉरी होती, पुढची चाकं गेलेली, मागची शाबूत. माझ्याकडे जॅक एकच. मी एक बाजू उचलली, त्या चाकावर खूण केली आणि इंजिनाकडून अॅक्सलला येणारा मधला दांडा हातानं फिरवत मोजायला लागलो. सव्वातीन फेऱ्यांत चाकाचा एक फेरा पुरा! पुन्हा मोजलं. सव्वातीन. अप्पांच्या जुन्या अॅक्सलला, दाते मोजून काढलं होतं, चार लागायचे; जितके फेरे कमी, तितकी गाडी जास्त पळणार. लॉरीखाली एवढा पळणारा अॅक्सल कसा आला, हा प्रश्न मनात आला नाही असं नाही. आला, पण आनंदात मी त्याला हाकलून दिलं. सोन्याची खाण लागल्यासारखा मी तो अॅक्सल बैलगाडीत घातला. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरच्या कारकुनानं उर्दूत "लोखंडी सामान" एवढंच लिहिलं तेव्हा मला त्याची कीव आली होती.

पेट्रोल परवान्यावर मिळायचं, म्हणून जास्त चालवून बघायची सोय नव्हती. तो अॅक्सल आणि तीनवाला बॉक्स बसवल्यावर शेडच्या अंगणात गाडी झटकन उडी मारून निघाली, तेवढ्यावर मी खूष. नवमीला आठ दिवस असताना आम्ही सडकेला आलो. ड्रायव्हर स्टिअरिंगवर, अप्पा त्याच्या शेजारी, मी मागं फळीवर. गावाबाहेर सर्व्हिस मोटार दिसली तशी ड्रायव्हरनं गाडी हाणली. पहिला, दुसरा, तिसरा गिअर पडला आणि इंजिन असं किंचाळायला लागलं की शेतातली बैलं दावी ओढायला लागली. गाडी मात्र पुढं सरकेना. वेग वाढतच नव्हता. सर्व्हिस मोटारीनं भोंगा वाजवला, आम्हाला मागं टाकलं आणि आता टपही नसल्यानं आमच्या तिघांच्या डोक्यावर यथेच्छ धूळ ओतली.

अप्पा कानडीत जे बोलले ते मला पुरतं समजलं.

"मैं बोला था," ड्रायव्हर म्हणाला. त्या वेळी तो मला शत्रू वाटला. पण माझंच डोकं इतकं फिरलं होतं की, शेवटचा गिअर दोन्हींचा सारखाच हे मीच त्याला महिनाभर सांगितलेलं विसरून, तीन दिवस खपून मी त्याचा चारवाला बॉक्स बसवला. फरक एवढाच पडला की पहिल्या गिअरात गाडी चालायला लागली तेव्हा डोक्यावर घागर घेतलेली एक बाई आमच्या पुढं निघून गेली. जाता जाता ती हसली. वरच्या गिअरात तीच किंकाळी, तोच वेग. अप्पा खाली उतरले, धोतर झटकलं आणि शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, सणाला घरी जा. मागनं बघू." हे ते ओरडून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

नवमीच्या आदल्या दिवशी पान्यांची थैली खांद्यावर टाकून मी गाव गाठलं. दोन कोस चालताना मी ड्रायव्हरला, इंजिनाला, पेट्रोलला, सगळ्यांना शिव्या दिल्या. स्वतःला एकही दिली नाही.

वडील दारात नव्या चाकाचे आरे ठोकत होते. मी थैली कोपऱ्यात टाकली आणि म्हणालो, "आलो दादा. जागा गेली."

त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. "झालं काय?"

मी सांगितलं. सांगताना आवाज चढत गेला. इंजिन, बॉक्स, खडूच्या खुणा, एक चाक उचलून मोजलेले सव्वातीन फेरे. मोटारीत कधी न बसलेल्या माणसाला मी हे का सांगतोय, असं वाटून मध्येच पाणी प्यायला उठलो.

वडिलांनी हातोडी खाली ठेवली. "एक चाक उचललंस. मग दुसरं चाक काय करत व्हतं?"

"ते काय करणार? जमिनीवर उभं होतं!" मी ओरडलोच.

"गाडी लिंबाला वळसा घालती तवा आतलं चाक जागच्या जागी ऱ्हातं, आन भायेरचं दुप्पट पळतं. म्या तर रोज बघतो. तुज्या मोटारीचं येगळं आसंल तर मला म्हाईत न्हाय."

मी आऱ्याच्या एका तुकड्यानं मातीत दोन चाकं काढली. मोटार वळावी म्हणून तर अॅक्सलच्या पोटात दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारे दाते बसवलेले असतात! दोन चाकांत मिळून दोन फेरे वाटायचे. एक थांबलं तर त्याचाही फेरा दुसऱ्याला जातो. मी उचललेलं चाक दुप्पट पळत होतं आणि मी ते खरं धरून मोजत होतो. सव्वातीन नव्हे, साडेसहा. ओझ्याच्या लॉरीचा अॅक्सल मी शर्यतीच्या गाडीला लावला होता, आणि भांडत बसलो होतो तीन की चार यावर.

मला लाज वाटली. आणि खरं सांगतो, त्या लाजेच्या खाली मला आनंदही झाला, कारण चूक सापडली होती. पण आता तिचा उपयोग काय! शब्द दिला होता, आणि मुदत उद्या संपत होती.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी पाट मांडला. वाकस, करवत, रंधा, पटाशी, एकेक धुऊन पुसून ओळीनं ठेवलं. मी अंघोळ करून शेजारी बसलो. त्यांनी हळद-कुंकवाची वाटी हातात घेतली, पाटाकडे बघितलं आणि पुन्हा खाली ठेवली.

"तुजा पाना कुठाय?"

मला वाटलं, तो आता कायमचा काढून घेणार. मी थैलीतला मोठा पाना आणून दिला. त्यांनी तेलकट पाना धोतराच्या सोग्यानं पुसला, वाकस थोडा बाजूला सरकवला आणि मधल्या जागेत पाना ठेवला. मग आधी त्याला कुंकू लावलं.

"दादा, जागा मिळाली नाही मला," मी म्हणालो.

"ते अप्पा बघतील. माज्या दारात मोडकं काम टाकून कुणी यायचं न्हाय." त्यांनी पान्यावर झेंडूचं फूल ठेवलं. "उद्या शिलंगणाला शीव वलांडशील, तसाच फुडं जा उमरग्याला. परत येऊ नगंस. आन ह्या बारीला दोन्ही चाकं उचल."