खुर्चीमागच्या टीचर

हात मागे बांधून उभ्या राहायच्या त्या. तुमच्या खुर्चीच्या बरोब्बर मागे, एक पाऊल अंतर ठेवून. पडद्यावर तांबड्या अक्षरांत चूक उमटली आणि तुम्ही केविलवाणं तोंड करून मागे वळलात की म्हणायच्या, "माझ्याकडं काय बघतोस? तू सांगितलंस तेच केलं त्यानं. ओळ परत वाच."

म्हैसूरला चामराजपुरममध्ये, रेल्वेच्या रुळांपासून दोन गल्ल्या आत, त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत प्रोग्रॅमिंगचा वर्ग भरायचा. पाच जुने लॅपटॉप, पाच प्लास्टिकच्या खुर्च्या आणि गाडी गेली की खडखडणारी खिडकीची काच. आम्ही त्यांना टीचर म्हणायचो. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरीला टेकलेल्या. घरात मराठी, म्हणजे आमची म्हैसूरची मराठी. तिच्यात निम्मं कन्नड केव्हा शिरलं ते आमच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. त्यांचे आणि माझे पूर्वज इथं राजाच्या फौजेत होते असं दोन्ही घरांत सांगतात. माझ्याकडे बघून ते कुणालाही पटणार नाही. टीचर हात मागे घेऊन ताठ उभ्या राहिल्या की पटायचं.

मी शेहेचाळिसाव्या वर्षी तिथं का गेलो ते सांगतो. बेळगोळच्या एका कारखान्यात मी स्टोअरचा कारकून. रजिस्टरं जाऊन सगळा साठा कॉम्प्युटरवर येणार होता. साहेबांनी जाहीर केलं की ज्याला थोडंफार प्रोग्रॅमिंग जमेल तो ऑफिसात राहील, बाकीच्यांनी माल चढवायच्या शेडमध्ये जायचं. तीन महिन्यांनी परीक्षा. माझी कंबर आधीच कामातून गेलेली, शेडमध्ये मी महिनाभरही टिकलो नसतो.

पहिल्या दिवशी लॅपटॉप कुणी उघडलाच नाही. मंडी मोहल्ल्यात मसाल्याचं दुकान असलेले एक मालक आमच्या वर्गात होते. कॉफी कशी करायची ते टीचरनी त्यांना पायरीपायरीनं सांगायला लावलं, आणि वर्गातल्या कॉलेजच्या मुलींपैकी एकीला बजावलं, हे म्हणतील तेवढंच करायचं, आपलं डोकं लावायचं नाही. मालक म्हणाले, गाळलेल्या कॉफीचं डिकॉक्शन पेल्यात ओत. मुलीनं ओतलं. पेला पालथा होता, आणि तो सुलटा कर असं मालकांनी सांगितलंच नव्हतं. डिकॉक्शन टेबलावरून ओघळत माझ्या चपलेपर्यंत आलं. मालक भडकले. टीचर पदराखाली हात घेऊन शांतपणे म्हणाल्या, "तिला ओरडू नका. आजच्या दिवस ती कॉम्प्युटर आहे."

मग सगळ्यांना खरी कॉफी मिळाली. टीचरनी घेतली नाही. नंतरही आमच्यासमोर त्यांनी कधी घेतली नाही. फळ्यावर त्या स्वतः लिहायच्या नाहीत, मुलींकडून लिहून घ्यायच्या. तुम्ही असतात तर एव्हाना काहीतरी ओळखलं असतंत. मी मात्र त्यांना शिस्तीच्या म्हणून मोकळा झालो होतो.

ही शिस्त मला फार जाचायची. एकदा एका कंसापायी मी अर्धा तास घाम गाळला. कंस उघडला होता, बंद केला नव्हता. त्यांना ते पहिल्या मिनिटाला दिसलं होतं. दिसलं तर सांगायचं ना, असं मी कुरकुरलो, तर म्हणाल्या की परीक्षेला काय मला घेऊन जाणार आहेस?

परीक्षेच्या आदल्या दिवशी रविवार होता. वर्ग नसताना मी संध्याकाळी त्यांच्या दारात उभा राहिलो. साहेबांनी नमुन्याचा प्रश्न दिला होता: साठ्याच्या यादीतून जे जे कमी पडलंय ते दाखवायचं. माझा प्रोग्रॅम बोल्ट दाखवायचा, बेअरिंग दाखवायचा, पण यादीत सगळ्यात वर असलेले वॉशर काही दाखवायचा नाही. वॉशर तर पाचच उरले होते. टीचर मागे उभ्या राहिल्या, हात मागे. तास गेला. डोळ्यांपुढे मला ती शेड दिसायला लागली. एकदाच, फक्त एक ओळ तुम्ही टाइप करा, म्हणून मी गयावया केली. त्यांनी नुसती मान हलवली, आणि माझा तोल गेला.

"तुम्हाला येतं तरी का टाइप करायला? सुम्ने मागं उभ्या राहता."

सुम्ने म्हणजे उगीचच. आमच्याकडे तो शब्द प्रेमानंही वापरतात. मी तसा वापरला नव्हता.

त्या शेजारची खुर्ची पायानं सरकवून बसल्या आणि दोन्ही हात पुढे आणले. उजवा हात थरथरत होता. डावा त्याला धरायला गेला, तर तोही थरथरत होता. तसेच ते त्यांनी कीबोर्डवर ठेवले. पडद्यावर एकाच अक्षराची रांग लागली, मध्येच आकडे, पुन्हा अक्षरं. त्यांना एक साधा शब्द लिहायचा होता. शेवटी खाली तांबडी चूक उमटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टीचर पडद्याकडे बघत म्हणाल्या, "बघ, त्याची काही चूक नाही. माझ्या बोटांनी सांगितलं तेच केलं त्यानं."

चार वर्षं झाली होती हे सुरू होऊन. औषधं चालू होती, पण हात सावकाश हातचे चाललेच होते. ही थरथरती म्हातारी कॉम्प्युटर काय शिकवणार म्हणून लोक मुलींना पाठवायचे बंद होतील, ही धास्ती त्यांनी चार वर्षं पाठीमागे लपवून ठेवली होती.

"ही खोली रिकामी झाली तर मी काय करू, सांग. डोकं शाबूत आहे रे अजून."

मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी ती धड मागूही दिली नाही. "ते राहू दे. तुझा वॉशर शोध. यादीत कितवा आहे?"

पहिला, मी म्हणालो.

"तू राहतोस त्या बिल्डिंगीत तळमजल्यावर माणसं नाहीत काय?"

मी मनात आमच्या बिल्डिंगीचे मजले मोजले आणि डोक्यात उजेड पडला. यंत्र शून्यापासून मोजतं. वीस वर्षं रजिस्टरात एकपासून मोजणाऱ्या कारकुनानं तळमजला सोडून पहिल्या मजल्यापासून मोजणी सुरू केली होती. मी माझ्या बोटानं एक खोडला, शून्य केलं. वॉशर सगळ्यात वर येऊन बसले. लग्नाच्या दिवशीही मी इतका खूश नव्हतो, आणि हे मी बायकोलाही सांगितलंय.

परीक्षा पास झालो. शेड टळली. त्यांच्या हातांबद्दल मी कुणाकडे अवाक्षर काढलं नाही. पण पुढच्या वर्गाला टीचर आल्या त्याच हात पुढे घेऊन. कॉफीवाल्या मुलीच्या मागे जाऊन त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवले. हलकी प्लास्टिकची खुर्ची ती, थरथरायला लागली. मुलीनं वळून हात पाहिले, टीचरकडे पाहिलं आणि म्हणाली, "टीचर, माझा लूप थांबतच नाही."

"तू थांब म्हणून सांगितलंयस का त्याला?" टीचर म्हणाल्या. कुणीही वर्ग सोडला नाही. मसाल्याचे मालकसुद्धा.

त्यानंतर परीक्षा होऊनही मी दीड वर्ष जात राहिलो. टाइप करताना पाठीला बारीक थरथर जाणवली की समजायचं, टीचर आपली ओळ वाचताहेत.

गेल्या दसऱ्यानंतर त्या गेल्या. घराला कुलूप आहे. मला त्यांची फार आठवण येते, आणि ती नेमकी कामाच्या वेळीच येते.

आमचं ऑफिस शेडच्या वरच आहे. खाली लॉरी मागे घेतात तेव्हा फरशी हादरते आणि माझी खुर्ची थरथरते. पूर्वी मी वळून बघायचो. आता वळत नाही. हात थांबवतो आणि ओळ परत वाचतो.